शंभर बुड्यांचे गुरुजी

उत्तर फ्लोरिडात जमिनीखालच्या चुनखडीत पाण्याने भरलेल्या गुहा आहेत. झऱ्याचे पाणी काचेसारखे नितळ, तोंडाशी ऊन पोचलेले, त्यामुळे आणखी थोडे आत जाऊन पाहू असे कोणालाही वाटते. ऊन जिथे संपत येते तिथे पाण्याखालीच एक फलक लावलेला असतो. त्यावर विळा घेतलेला मृत्यू, आणि मजकूर असा की अशाच गुहांमध्ये तीनशेहून अधिक पाणबुडे मेले आहेत, त्यांत स्कुबाचे प्रशिक्षकही आहेत. 'प्रशिक्षकही' हा शब्द तिथे उगाच आलेला नाही. नवखा माणूस फलक पाहून घाबरतो आणि मागे वळतो. प्रशिक्षकाला मात्र वाटते, हे दुसऱ्या कोणासाठी लिहिले आहे. त्याच्या खिशात कार्ड असते, आणि ते कार्ड उघड्या पाण्यात शिकवण्याचे आहे, गुहेचे नाही, हे नेमके त्या क्षणी तो विसरतो.

स्कुबा शिकवणाऱ्यावर विश्वास कशाच्या बळावर ठेवायचा, हा प्रश्न या फलकापाशी सुरू होतो. कार्डाने काय सिद्ध होते? आणि ज्याला आपण अनुभव म्हणतो तो कुठे नोंदलेला असतो?

आधी कार्ड. या व्यवसायातली सर्वांत मोठी संस्था म्हणजे पॅडी. तिचा प्रशिक्षक होण्यासाठी वयाची अठरा वर्षे पूर्ण हवीत, पहिले कार्ड मिळून किमान सहा महिने झालेले हवेत, वर्षभरातले डॉक्टरांचे प्रमाणपत्र हवे, आणि परीक्षेला बसताना लॉगबुकात १०० डाइव्ह हव्यात. मधल्या पायऱ्या अर्थात आहेत: ॲडव्हान्स्ड, रेस्क्यू, आणि साठ डाइव्ह झाल्यावर मिळणारी डाइव्हमास्टरची पदवी. पण शून्यापासून प्रशिक्षकापर्यंतचे हे अंतर एका हंगामात कापता येते. धंद्यात याला 'झीरो टू हीरो' म्हणतात. जाहिरातीत हे कौतुकाने छापतात आणि जुने पाणबुडे हेच शब्द नाक मुरडून वापरतात.

शंभर डाइव्ह म्हणजे किती? एक डाइव्ह चाळीस मिनिटांची धरा. चार हजार मिनिटे, म्हणजे सहासष्ट तास आणि चाळीस मिनिटे. सलग मोजले तर पुरते तीन दिवसही नाहीत. शिवाय वीस मिनिटांची उथळ डाइव्ह आणि ओढीच्या पाण्यात बोटीवरून मारलेली खोल बुडी, दोन्हींची लॉगबुकात नोंद एकेकच. एकाच बेटाच्या एकाच प्रवाळावर शंभर वेळा उतरलेला आणि पाच समुद्रांत वीस-वीस वेळा उतरलेला, हे दोघे परीक्षकासमोर सारखेच. वर्षभर पेटी शिकून स्वतःचा क्लास काढणारे आपल्याकडेही कमी नाहीत. फरक इतकाच की चुकलेल्या सुराने विद्यार्थ्याचे फुफ्फुस फाटत नाही.

फुफ्फुस फाटते हा अलंकार नव्हे. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे टाकीतली हवा छातीभर घेऊन माणूस श्वास रोखून वर आला, तर तीच हवा दुप्पट जागा मागते. घाबरलेला नवखा नेमके हेच करतो: तोंड घट्ट मिटतो आणि वर सुटतो. हवेचे बुडबुडे रक्तात शिरून मेंदूपर्यंत जातात. यासाठी फार खोल जावे लागत नाही, पोहण्याच्या तलावाची खोल बाजूही पुरते. म्हणून पहिल्याच धड्यात सांगतात की श्वास कधीही रोखू नका. सांगणे सोपे आहे. समोरच्याचे डोळे मास्कमागे मोठे होऊ लागले, बुडबुड्यांची लय बिघडली, हात तोंडातल्या रेग्युलेटरकडे जाऊ लागला, हे दोन सेकंद आधी ओळखून त्याचा दंड धरणे हे प्रशिक्षकाचे खरे काम.

आता परीक्षेत हे तपासले जाते का? बरेचसे नाही. प्रशिक्षकाची परीक्षा साधारण दोन दिवस चालते. लेखी प्रश्नपत्रिका, वर्गातला एक पाठ, तलावातला पाठ, समुद्रातला पाठ, बचावाचे प्रात्यक्षिक. पाण्यातल्या पाठात विद्यार्थी म्हणून समोर असतात ते इतर उमेदवारच, आणि 'तू मास्कमधले पाणी काढताना अमुक चूक कर' असे परीक्षकाने त्यांना आधी सांगून ठेवलेले असते. उमेदवाराने ती चूक पकडली, सुधारली की गुण मिळतात. पद्धत वाईट नाही. चूक पाहण्याची नजर ती तयार करते. पण ठरवून केलेली चूक आणि घाबरलेल्या माणसाचे वागणे यांत नाटकातल्या आणि खऱ्या मारामारीइतके अंतर आहे. खरा नवखा कोणती चूक करणार हे त्याला स्वतःलाच ठाऊक नसते.

ही व्यवस्था आली कुठून ते पाहण्यासारखे आहे. कुस्तो आणि गान्यां यांनी १९४३ मध्ये ॲक्वालंग, म्हणजे टाकीतल्या हवेवर पाण्याखाली श्वास घेण्याचे उपकरण, सिद्ध केले. युद्ध संपल्यावर ते दुकानात विकायला आले, आणि विकत घेणाऱ्यांना शिकवणारा कोणी नव्हता. अमेरिकेत लॉस एंजेलिस काउंटीने १९५४ मध्ये आपली तीन माणसे स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेत धाडली. तिथे शास्त्रज्ञांना पाण्याखाली काम करायला शिकवणारे कॉनरॅड लिंबॉ होते. त्यांच्याकडून शिकून आलेल्यांनी नागरिकांसाठी पहिला सरकारी अभ्यासक्रम सुरू केला. १९६० मध्ये नाउई या संस्थेने ह्यूस्टनला आपला पहिला प्रशिक्षक-वर्ग भरवला. नाउईचे लक्ष पुढे कॅलिफोर्नियाकडे वळले आणि शिकागोकडच्या मंडळींना आपण वाऱ्यावर सोडले गेलो असे वाटले. त्यांपैकी जॉन क्रोनिन डाइव्हिंगचे सामान विकणारे आणि राल्फ एरिकसन पोहायला शिकवणारे. १९६६ मध्ये या दोघांनी इलिनॉयमध्ये पॅडी काढली. तीस डॉलर आणि जॉनी वॉकरची एक बाटली एवढ्या भांडवलावर, असे पॅडी स्वतःच मिरवून सांगते.

मला यातली ही जोडी महत्त्वाची वाटते: एक विक्रेता आणि एक शिक्षक. पॅडीचे यश त्या जोडीचे आहे. लष्करी थाटाचे, दमवणारे लांबलचक अभ्यासक्रम मोडून त्यांनी छोटे छोटे तुकडे केले. सामान्य माणूस चार दिवसांच्या सुटीत कार्ड मिळवू लागला. आजवर अडीच कोटींहून अधिक कार्डे वाटल्याचे पॅडी सांगते. त्यामुळे समुद्र पाहिलेल्या माणसांची संख्या वाढली, हे चांगलेच झाले. मात्र कार्ड हाच विकायचा माल ठरला, आणि प्रशिक्षक हा एकाच वेळी शिक्षक, परीक्षक आणि विक्रेता झाला. ज्याने शिकवले तोच पास करतो, आणि पास केल्यावर पुढचा कोर्सही तोच सुचवतो. शाळेत बाहेरचा परीक्षक का येतो, हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको.

मालकीही बदलली आहे. पॅडी गेली कित्येक वर्षे गुंतवणूक कंपन्यांच्या हातात आहे. दुसरी मोठी संस्था एसएसआय १९७० ची. २०१४ पासून ती हेड या उद्योगाची, तोच हेड ज्याच्या टेनिसच्या रॅकेट आपल्याला माहीत आहेत आणि ज्याच्याकडे मॅरेस ही डाइव्हिंगच्या सामानाची कंपनीही आहे. प्रशिक्षक दरवर्षी सभासदत्वाची फी भरतो. भरली नाही तर शिकवण्याचा हक्क थांबतो. म्हणजे चालू परवाना यंदाची फी भरल्याचे खात्रीने सांगतो. यंदा तो माणूस किती वेळा पाण्यात उतरला, हे त्यावरून कळत नाही. संस्था विद्यार्थ्यांना प्रश्नावल्या पाठवतात, तक्रारी तपासतात, नियम मोडणाऱ्यांना काढूनही टाकतात. ही यंत्रणा अगदीच दिखाऊ आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण तिचा मुख्य साक्षीदार नवखा विद्यार्थी असतो, आणि आपल्याला काय शिकवले गेले नाही हे नवख्याला कुठून कळणार?

किमान पातळी एकसारखी असावी म्हणून आयएसओची मानकेही आहेत: पाणबुड्यांसाठी २४८०१ ची मालिका, प्रशिक्षकांसाठी २४८०२, केंद्रांसाठी २४८०३. त्यामुळे पॅडी बरी की एसएसआय, या वादात आता फारसा दम उरलेला नाही. कागदावर सगळे जवळजवळ सारखेच आहेत.

कागदाबाहेरचे वेगळे रस्ते मात्र आहेत. ब्रिटनमध्ये १९५३ साली निघालेला सब-ॲक्वा क्लब मुळात हौशी लोकांचा. प्रशिक्षक बहुतेक क्लबातलेच, विनामोबदला शिकवणारे. कोण कसा आहे हे थंड, गढूळ पाण्यात वर्षानुवर्षे बरोबर उतरलेल्यांना माहीत असते. आपल्याकडच्या गिर्यारोहण संस्थांसारखेच हे. तिथे नाव होते ते सह्याद्रीत चार पावसाळे बरोबर काढल्यावर. ब्रिटनमध्ये पैसे घेऊन शिकवणारा मात्र १९९७ च्या कामावरील डाइव्हिंगच्या नियमांखाली येतो. फ्रान्समध्ये पगार घेऊन शिकवायचे तर सरकारी पदविका लागते. संस्थेचे कार्ड पुरत नाही. इस्रायलने तर १९७९ मध्येच हौशी डाइव्हिंगचा कायदा केला. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडचे नियम कडक झाले त्यामागे एक घटना आहे. जानेवारी १९९८ मध्ये ग्रेट बॅरिअर रीफवर एका बोटीने माणसे नीट मोजली नाहीत, एक अमेरिकी जोडपे पाण्यातच राहिले, आणि हे दोन दिवसांनी कळले. आज तिथे डोकी मोजून नोंद ठेवावी लागते. दोघांचा जीव गेल्यावर सुचलेला उपाय किती साधा होता, याचे वाईट वाटते.

माणसे मरतात कशाने? अमेरिकेतल्या डाइव्हर्स अलर्ट नेटवर्कच्या संशोधकांनी १९९२ ते २००३ मधल्या ९४७ मृत्यूंचा अभ्यास करून २००८ मध्ये निष्कर्ष मांडले. ज्या घटनांत सुरुवातीचे कारण सापडले, त्यांतल्या ४१ टक्क्यांत ते होते टाकीतली हवा संपणे किंवा कमी पडणे. शार्क नाही, गूढ रोग नाही. हवेच्या काट्याकडे पाहायचे राहून गेले. पहिल्या दिवशी शिकवली जाणारी ही गोष्ट. म्हणजे प्रश्न काय शिकवले याचा कमी आणि ते अंगात मुरेपर्यंत कोणी थांबले का, याचा जास्त आहे. मुरायला वेळ लागतो. चार दिवसांच्या कोर्समध्ये सगळ्यात महाग वस्तू वेळच असते.

नोव्हेंबर २०२० मधली एक घटना या क्षेत्रात अजून चर्चेत आहे. मोंटाना राज्यातल्या ग्लेशियर नॅशनल पार्कमधल्या लेक मॅक्डॉनल्डमध्ये अठरा वर्षांची एक विद्यार्थिनी प्रशिक्षणाच्या डाइव्हवर गेली. पाणी अतिथंड, म्हणून अंगात ड्रायसूट. खोल जाताना दाबाने हा सूट अंगाला आवळतो, तेव्हा टाकीतून नळीने त्यात हवा सोडावी लागते. तिच्या सुटाला ती नळी जोडलेलीच नव्हती. जोड जुळत नव्हता. अंगावर ४४ पौंड, म्हणजे वीस किलो वजन, तेही पटकन टाकता येणार नाही अशा खिशांत. सूट आवळत गेला, ती खाली जात राहिली. प्रशिक्षक नवीन होती आणि ड्रायसूट शिकवण्याची पात्रता तिच्याकडे नव्हती, असे पुढे कोर्टातल्या दाव्यात म्हटले गेले. इथे अनुभवाचा अर्थ किती बारीक आहे पाहा. नळी का लागते हे पुस्तकात आहे. नळी जुळत नाही, विद्यार्थी तयार होऊन उभे आहेत, अंधार पडायला आला आहे, आणि तरी 'आज नाही, घरी चला' असे म्हणायचे, हे पुस्तकात नाही.

माझ्या मते सगळा प्रश्न या एका वाक्यावर येऊन थांबतो. बाजार प्रशिक्षकाला उतरवण्याचे पैसे देतो, थांबवण्याचे देत नाही. अनेक ठिकाणी मोबदला दर विद्यार्थ्यामागे असतो. डाइव्हमास्टर होऊ पाहणारी मुले कोर्सच्या बदल्यात केंद्रावर फुकट राबतात, टाक्या भरतात, बोट धुतात. तेवीस वर्षांचा प्रशिक्षक, मालक बोटीच्या काठावर, सहा पाहुणे सुटी संपवून उद्या निघणारे. अशा वेळी 'नको' म्हणणे त्याच्या खिशातून जाते.

बरे, अनुभव भरपूर असला की भागले, असेही नाही. ज्या लिंबॉंकडून अमेरिकेतल्या पहिल्या शिक्षकांनी धडे घेतले, ते स्वतः मार्च १९६० मध्ये फ्रान्समध्ये कासीजवळच्या पाण्याखालच्या गुहेत वाट चुकून गेले. त्या काळात त्यांच्याइतका मुरलेला पाणबुडा अमेरिकेत क्वचितच दुसरा असेल. हजारो डाइव्ह झालेल्या माणसाला त्यांतल्या बहुतेक डाइव्हनी शिकवलेले असते ते इतकेच की काही होत नाही. हा फार वाईट धडा आहे. म्हणून गुहेत शिकवणाऱ्या काही संस्था, उदाहरणार्थ जीयूई, प्रशिक्षकांनाही ठरावीक वर्षांनी पुन्हा तपासतात. गवयाला दर चार वर्षांनी सूर लावून दाखवायला सांगावे तसे हे, अपमानास्पद वाटेल असे. पण मला ते पटते.

उलट, नुकता प्रशिक्षक झालेला माणूस शिक्षक म्हणून नेहमी वाईट असतो असेही नाही. मास्कमध्ये पाणी शिरल्यावर नाकात काय होते हे त्याला अजून आठवत असते. त्याला घाई नसते, तो प्रत्येक टाकी दोनदा तपासतो. तळाशी गुडघे टेकवून विद्यार्थ्यांना ओळीने बसवण्याची जुनी सवय मोडून, पाण्यात अधांतरी तरंगत शिकवणारे आज मला तरुणांतच जास्त दिसतात. जुने म्हणतात, गुडघ्यावर बसले की पोरे हाताशी राहतात. खरे आहे. पण समुद्रात गुडघे टेकायला प्रवाळच सापडते.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. मालवण, तारकर्ली, देवबाग. इथे 'स्कुबा' या शब्दाचा अर्थच निराळा आहे. पाहुणा कोर्स करत नाही. त्याला मास्क चढवतात, तोंडात रेग्युलेटर देतात, चार खुणा शिकवतात, आणि मागून एक जण टाकीची मान धरून त्याला पाच-सहा मीटरवर माशांत फिरवून आणतो. दुसरा कॅमेरा धरतो. फलकांवर मोठ्या अक्षरांत असते 'व्हिडिओ फ्री'. या प्रकारात पाहुण्याकडे कसलेही कौशल्य नसते, म्हणून सगळे कौशल्य मागच्या हातात असावे लागते. पॅडीच्या नियमात अशा पहिल्या अनुभवाला बारा मीटरची मर्यादा आहे आणि खुल्या पाण्यात एका प्रशिक्षकामागे चारच माणसे. मालवणात बहुधा एकास एक चालते, ते या बाबतीत बरेच म्हणायचे.

तो मागचा हात बहुतेकदा गाबीत समाजातल्या, होडीवर वाढलेल्या पोराचा असतो. उधाण कधी, भांगाची भरती कधी, वारा फिरला की किल्ल्यामागचे पाणी किती वेळात गढूळ होते, हे त्याला कोणत्याही पुस्तकाशिवाय कळते. हा अनुभव खरा आहे आणि तो कोणत्याही लॉगबुकात नाही. पण फुफ्फुसातले बुडबुडे त्याच्या आजोबांनी पाहिलेले नसतात. श्वास रोखून बुडणाऱ्याला तो धोकाच नव्हता. तो टाकीबरोबर आला. म्हणून पोहता येते, समुद्र माहीत आहे, एवढ्यावर भागत नाही, आणि बाहेरून आलेला कार्डवाला भांग-उधाण न विचारता उतरला तर त्याचेही भागत नाही. तारकर्लीला पर्यटन विकास महामंडळाची 'इस्डा' ही प्रशिक्षण संस्था आहे, खास डाइव्हिंगचा तलाव असलेली. स्थानिक मुलांना तिथे शिकता येते. दोन्ही ज्ञाने एका अंगात येण्याची इथल्यासारखी सोय फार ठिकाणी नाही.

नियमांचे म्हणाल तर महाराष्ट्राने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणले आणि आयोजकांना नोंदणी सांगितली. तरी २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कुबा करून परतणारी बोट उलटली. वीस पर्यटक होते, दोघे दगावले. पाण्याखाली कोणाला काही झाले नव्हते. जीव गेले ते होडीत, किनारा दिसत असताना. प्रशिक्षकाची पारख करताना आपण त्याचे कार्ड पाहतो. बोटीत किती माणसे चढवली आणि लाइफ जॅकेट अंगावर आहेत की बाकाखाली, ते पाहायचे राहते.

मग विचारावे काय? नाव आणि क्रमांक घेऊन संस्थेच्या यादीत परवाना चालू आहे का ते पाहता येते, दोन मिनिटांचे काम आहे. बोटीवर ऑक्सिजनची टाकी आहे का आणि ती कोणाला वापरता येते, हे विचारावे. बुडबुड्यांच्या दुखण्यावर पहिला उपचार तोच, कारण दाबाच्या चेंबरपर्यंत पोचायला वेळ लागतो. मुंबईत कुलाब्याला नौदलाच्या अश्विनी रुग्णालयाच्या आवारात ते आहे, आणि मालवणहून मुंबई रस्त्याने पाचशे किलोमीटरच्या आसपास. किती डाइव्ह झाल्या, हा प्रश्न सगळेच विचारतात. उत्तर नेहमी गोल आकड्यात येते आणि त्याचा उपयोग होत नाही.

त्यापेक्षा विचारून पाहा: शेवटची डाइव्ह कधी रद्द केली होती? काही जण हसून सांगतात, आमच्याकडे कधी रद्द होत नाही हो, घाबरू नका. काही जण मात्र सुरू होतात: गेल्या मंगळवारी, सकाळी पाणी बरे होते, दहाला दक्षिणेचा वारा लागला, पुण्याचे कुटुंब होते, वडील भयंकर चिडले, मुलगी रडली, पैसे परत दिले, मालक दोन दिवस बोलला नाही. चहा येतो, निवतो, आणि तो अजून त्या वाऱ्याविषयीच बोलत असतो.